चार सिलिंडर : रांगेत, आडवे की व्ही आकारात? मांडणीमुळे इंजिनाची ताकद खरोखर बदलते का?

यंत्रविवेक (धागाकर्ता)

स्पोर्ट्स गाड्यांचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते. चार सिलिंडरचे खरे इंजिन म्हणजे बॉक्सर, आणि आपल्या रोजच्या गाड्यांत असणारे रांगेतले इंजिन ही कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी केलेली तडजोड आहे, असे ते विधान. मला ते मान्य नाही. का मान्य नाही, हे नीट मांडावे आणि विरुद्ध मत असणाऱ्यांचे म्हणणेही ऐकावे, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी तिन्ही मांडण्या थोडक्यात पाहू. रांगेतल्या इंजिनात, म्हणजे इनलाइन-फोरमध्ये, चारही सिलिंडर एका ओळीत आणि एकाच हेडखाली (व्हॉल्व्ह बसवलेल्या झाकणाखाली) असतात. बाहेरचे दोन पिस्टन वर असतात तेव्हा आतले दोन खाली असतात आणि बहुतेक गाड्यांत १-३-४-२ या क्रमाने स्फोट होतात. बॉक्सरमध्ये क्रँकशाफ्टच्या (पिस्टनची ये-जा फिरकीत बदलणाऱ्या दांड्याच्या) डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन सिलिंडर आडवे झोपलेले असतात. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. व्ही-फोरमध्ये दोन-दोन सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींशी कोन करून बसवलेल्या असतात. पहिल्या दोन प्रकारांत क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला एक स्फोट मिळतो, म्हणजे ताकदीचे ठोके दोन्हींकडे सारख्याच अंतराने पडतात.

आता मूळ मुद्दा. इंजिनाची ताकद म्हणजे ते दर मिनिटाला किती हवा आत घेते आणि त्या हवेत किती इंधन नीट जाळते याचा हिशेब. व्हॉल्व्हचा आकार आणि त्यांच्या उघडझापीची वेळ, कॉम्प्रेशन (हवा-इंधन किती दाबले जाते), बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) यांचे प्रमाण, इंजिन सुरक्षितपणे किती आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) गाठू शकते आणि टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) आहे की नाही, या गोष्टी तो हिशेब ठरवतात. सिलिंडर उभा आहे की आडवा, हे हवेला कळत नाही.

दोन लिटरची तीन इंजिने शेजारी ठेवून पाहा. १९९९ साली आलेल्या होंडा एस२००० चे १९९७ सीसीचे रांगेतले इंजिन टर्बोशिवाय, युरोपातल्या आवृत्तीत, ८३०० आरपीएमला २४० अश्वशक्ती देत होते आणि त्याची लाल रेघ, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, ९००० वर होती. २०१२ साली आलेल्या टोयोटा जीटी८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्यांचे १९९८ सीसीचे बॉक्सर इंजिन, तेही टर्बोशिवाय, ७००० आरपीएमला २०० अश्वशक्ती देत होते. मर्सिडीज-एएमजी ए४५ एस मधले १९९१ सीसीचे रांगेतले इंजिन टर्बोच्या जोरावर ४२१ अश्वशक्तीपर्यंत पोहोचते. पहिल्या दोन आकड्यांतला फरक आरपीएम आणि व्हॉल्व्हच्या रचनेतून आला आहे, तिसऱ्याशी असलेला फरक टर्बोमधून. यात मांडणीचे श्रेय कुठे आहे?

शर्यतींचा इतिहासही हेच सांगतो. अल्बर्टो अस्कारी १९५२ आणि १९५३ साली ज्या फेरारी ५०० मध्ये विश्वविजेता झाला, तिचे इंजिन रांगेतले चार सिलिंडरचे होते. जॅक ब्रॅबमने १९५९ आणि १९६० साली कूपर गाडीतून विजेतेपदे मिळवली, तीही रांगेतल्या चार सिलिंडरवर. १९८३ साली नेल्सन पिके बीएमडब्ल्यूच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनावर विजेता झाला, आणि त्या इंजिनाचा ब्लॉक मुळात रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनातून आलेला होता. तडजोड म्हणून जन्मलेली गोष्ट फॉर्म्युला वनमध्ये एवढे यश मिळवत नाही.

मांडणीमुळे कंप बदलतो, वजन कुठे बसते ते बदलते, बॉनेटखाली जागा किती लागते ते बदलते आणि इंजिन बांधण्याचा, दुरुस्त करण्याचा खर्च बदलतो. या सगळ्याला महत्त्व आहे, पण ती ताकद नव्हे. मांडणीमुळे ताकद नेमकी कुठे वाढते, ते बॉक्सरच्या चाहत्यांनी दाखवून द्यावे.

डोंगरवाट

मी कोलोरॅडोत राहतो, जिथे हिवाळ्यात बर्फाळ चढावर दर तिसरी-चौथी गाडी बॉक्सर इंजिनाची दिसते, आणि माझी स्वतःचीही तशीच आहे. धागाकर्त्यांनी प्रश्न आपल्या सोयीने आखून घेतला आहे, असे मला वाटते. इंजिनाची कामगिरी म्हणजे केवळ कागदावरची अश्वशक्ती नव्हे. ती ताकद किती सुखाने मिळते आणि ती घेऊन गाडी वळणावर कशी वागते, हेही कामगिरीतच मोडते.

कंपापासून सुरुवात करू, कारण रांगेतल्या इंजिनाचा दोष त्याच्या भूमितीतच आहे आणि कितीही चांगली बांधणी केली तरी तो जात नाही. समजा स्ट्रोक ८६ मिमी आहे आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा) सुमारे १४३ मिमी लांब आहे. क्रँक वरच्या टोकापासून बरोबर पाव फेरी फिरल्यावर पिस्टन निम्मे अंतर, म्हणजे ४३ मिमी, खाली आला असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रॉड तिरका झाल्यामुळे तो जवळजवळ ५० मिमी खाली आलेला असतो. त्याच क्षणी खालून वर निघालेले दुसरे दोन पिस्टन मात्र जेमतेम ३६ मिमी वर चढलेले असतात. म्हणजे चारही पिस्टन त्या क्षणी एकाच उंचीवर, आणि मधल्या रेषेच्या साडेसहा मिलिमीटर खाली असतात. पुढच्या पाव फेरीत त्यांचा एकत्रित गुरुत्वमध्य पुन्हा वर येतो. प्रत्येक फेरीत दोनदा, चारही पिस्टनांचे मिळून सगळे वजन असे वर-खाली होत राहते.

पिस्टन आणि त्यासोबत हलणारा रॉडचा भाग मिळून दर सिलिंडरला अर्धा किलो धरला, तर ६००० आरपीएमला हा दुय्यम, म्हणजे फेरीत दोनदा येणारा, बल सुमारे दहा हजार न्यूटन भरतो. म्हणजे जवळपास एक टन भार सेकंदाला दोनशे वेळा इंजिनाला वर-खाली हादरवतो. रबरी माउंटिंग त्यातला बराचसा गिळते, पण सगळा नाही. मोठ्या रांगेतल्या इंजिनाच्या गाडीत वरच्या आरपीएमला गिअरच्या दांड्यावर आणि पायाखालच्या पत्र्यावर जी बारीक थरथर जाणवते, ती हीच.

बॉक्सरमध्ये डावा पिस्टन जे करतो, तेच उजवा उलट दिशेने करतो, म्हणून प्राथमिक (फेरीत एकदा येणारे) आणि दुय्यम, दोन्ही बले परस्पर रद्द होतात. समोरासमोरचे सिलिंडर किंचित पुढे-मागे असल्यामुळे एक लहानसे दोलन उरते, ते मी नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी बॅलन्स शाफ्ट (कंप रद्द करण्यासाठी फिरवला जाणारा वजनदार दांडा) घालावा लागत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. आडवे इंजिन खाली बसते. जीटी८६ चा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ४६० मिमीवर आहे आणि कुटुंबाला परवडेल अशा किमतीच्या गाडीत हा आकडा दुर्मीळ आहे. वळणावर गाडी कलते, तेव्हा बाहेरच्या चाकांवर किती भार जातो, हे बरेचसे या उंचीवर अवलंबून असते. सुबारूच्या इम्प्रेझावर कॉलिन मॅक्रे १९९५ साली, रिचर्ड बर्न्स २००१ साली आणि पेटर सोल्बर्ग २००३ साली रॅलीचे जगज्जेते झाले. त्यांच्या यशात या इंजिनाचा काहीच वाटा नव्हता, असे कोणी म्हणू शकेल का?

आणि तडजोडीचाच प्रश्न असेल, तर फोक्सवॅगनच्या बीटलचे उदाहरण समोर आहे. मागे बसवलेल्या, हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर इंजिनावर ती २००३ पर्यंत बनत राहिली आणि तिच्या २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. बॉक्सर म्हणजे श्रीमंतांची हौस, हे म्हणणेही त्यामुळे टिकत नाही.

पानाडेपाना

भोसरीत माझे गॅरेज आहे आणि मी हे पान्याच्या बाजूने लिहितो आहे. दोन्ही पक्षांनी एक माणूस विसरलेला दिसतो, तो म्हणजे इंजिन उघडणारा.

रांगेतले इंजिन गाडीत आडवे, म्हणजे सिलिंडरांची ओळ गाडीच्या रुंदीच्या दिशेने, बसवलेले असेल, तर बॉनेट उघडल्याबरोबर चारही इग्निशन कॉइल डोळ्यांसमोर एका ओळीत दिसतात. वरचे प्लास्टिकचे कव्हर काढायचे, कॉइलचा एक-एक बोल्ट सोडायचा, लांब एक्स्टेन्शनवर प्लगचा सॉकेट लावून सरळ खाली घालायचा, आणि चार प्लग बदलून अर्ध्या तासात गाडी बाहेर. बॉक्सरमध्ये प्लगचे तोंड चासीच्या बाजूच्या पत्र्याकडे असते. एका बाजूची बॅटरी काढा, दुसऱ्या बाजूचा एअर फिल्टरचा डबा काढा, मग दोन बोटे जातील एवढ्या फटीत आधी सॉकेट, मग एक्स्टेन्शन, मग रॅचेट असे तुकड्या-तुकड्यांनी जोडत आत न्या. काही गाड्यांत तर माउंटिंग सैल करून इंजिन जॅकवर थोडे उचलावे लागते. काम तेच, मजुरी मात्र दुप्पट-तिप्पट.

हेड दोन, म्हणजे हेड गॅस्केट दोन. डबल ओव्हरहेड कॅम असेल तर कॅमशाफ्ट दोनाऐवजी चार. व्हॉल्व्ह कव्हर आडवे असल्यामुळे त्याची खालची कड नेहमी तेलात बुडालेली असते, आणि गॅस्केट कडक झाले की तेथून गळणारा थेंब थेट सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडतो. गाडी सिग्नलला थांबली की केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो आणि इंजिन गेले या भीतीने गिऱ्हाईक धावत येते. यात बांधणाऱ्याचा दोष नाही. तेल खाली उतरते आणि पाइपही खालीच असतो, हा मांडणीचा परिणाम आहे.

जुन्या मुंबईची टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन रांगेतले चार सिलिंडरचेच होते. त्याचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घेऊन स्वतः जमवत असत, कारण वरचे कव्हर काढले की सगळे काम हाताशी होते. ज्या देशात गाडी वीस वर्षे आणि तीन मालक बघते, त्या देशात दुरुस्तीची सोय हा कामगिरीचाच भाग धरला पाहिजे. टॅपेट बिघडलेले आणि प्लग न बदललेले इंजिन कोणत्याही मांडणीचे असो, ते पिकअप देणार नाही.

यंत्रविवेक

डोंगरवाट यांचा हिशेब बिनचूक आहे. दुय्यम बलाचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण मराठीत क्वचित वाचायला मिळते, म्हणून त्यांचे मनापासून आभार. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, कारण चित्राचा अर्धाच भाग त्यांनी दाखवला आहे.

बॉक्सरमध्येसुद्धा चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात. दोन बाहेरच्या टोकाला, दोन आतल्या टोकाला, पण थांबतात एकाच वेळी, आणि पुन्हा वेगही एकाच वेळी घेतात. त्यामुळे क्रँकशाफ्टवर येणारा जडत्वाचा मागे-पुढे ओढणारा टॉर्क दोन्ही इंजिनांत सारखाच असतो. स्फोटांमधील अंतरही सारखेच असल्यामुळे कमी आरपीएमला, विशेषतः टॉप गिअरमध्ये गाडी रेंगाळत असताना, जो धडधडाट जाणवतो त्यात बॉक्सर काडीचाही सरस नाही. शहरातल्या वाहतुकीत माणसाला जो कंप रोज भेटतो तो हा आहे. ६००० आरपीएमचा दुय्यम कंप ज्याला भेटतो, तो बहुधा मुद्दाम त्याच्या शोधात गेलेला असतो.

दुय्यम बलावर उपाय तर फार जुना आहे. क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन शाफ्टची कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात ती नव्या रूपात बाजारात आणली आणि पोर्शने तीच रचना परवान्यावर घेऊन ९४४ मध्ये वापरली. पोर्शची ९६८ तर तीन लिटरच्या रांगेतल्या चार सिलिंडरवर धावत होती. बॉक्सरसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने एवढे मोठे रांगेतले इंजिन गुळगुळीत चालवून दाखवले, ही साधी गोष्ट नाही.

आता गुरुत्वमध्य. बॉक्सरचा ब्लॉक चपटा असतो हे खरे, पण त्याचे एक्झॉस्ट पाइप हेडच्या खालून निघतात. त्यांना आणि तेलाच्या खालच्या टाकीला (ऑइल संप) जागा देण्यासाठी क्रँकशाफ्ट तितका वर ठेवावा लागतो. चित्रात दिसणारा सगळा फायदा गाडीत उतरत नाही. शिवाय इंजिन रुंद असल्यामुळे पुढची चाके किती वळतील आणि पुढच्या सस्पेन्शनला किती जागा मिळेल, यावर बंधन येते. सुबारूच्या बहुतेक गाड्यांत ते पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेले असते. उंची कमी करून मिळवलेले काही अंशी तेथे परत जाते. जीटी८६ मध्ये इंजिन मागे सरकवून आणखी खाली बसवता आले, कारण तिथे पुढच्या चाकांना ताकद पोहोचवायची नव्हती.

रॅलीचे म्हणाल, तर १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे टॉमी माकिनेन मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशनवर जगज्जेता झाला. तीच स्पर्धा, तेच दोन लिटर, तोच टर्बो आणि चारही चाकांना ताकद. फरक एवढाच की त्याचे इंजिन रांगेतले होते. चिखल, बर्फ आणि खडी अशा सर्व पृष्ठभागांवर दोन्ही मांडण्यांची परीक्षा एकाच दशकात झाली आणि त्यातून मांडणीचा निकाल लागला नाही. माझ्या मूळ विधानाला याहून चांगला पुरावा मला शोधूनही सापडला नसता.

अरुंदकोन

दोघांच्या भांडणात तिसऱ्या मांडणीला धाग्यात एक वाक्य मिळाले आहे, आणि तो अन्याय आहे.

लान्सियाने १९२२ साली लॅम्ब्डा ही गाडी लोकांसमोर आणली, तिचे इंजिन व्ही-फोर होते. दोन रांगांमधला कोन इतका अरुंद, साधारण तेरा अंशांचा, की चारही सिलिंडर एकाच हेडखाली बसत. इंजिनाची लांबी रांगेतल्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी आणि रुंदी बॉक्सरच्या पासंगालाही न पुरणारी. पानाडेपाना यांची दोन हेडची तक्रार या इंजिनाला लागू होत नाही. हीच वाट धरून १९६३ साली फुल्व्हिया आली आणि तिने १९७२ साली लान्सियाला रॅलीचे उत्पादकांचे विजेतेपद मिळवून दिले.

फोर्डने १९६० च्या दशकात साठ अंशांचे व्ही-फोर बनवले. त्यात बॅलन्स शाफ्ट घालावा लागला, हे मान्य. पण स्वीडनच्या साबने १९६७ पासून आपल्या ९६ या गाडीत टू-स्ट्रोक इंजिनाच्या जागी हेच बसवले, कारण तीन सिलिंडरच्या लहानशा टू-स्ट्रोकसाठी आखलेल्या आखूड नाकात चार सिलिंडरचे रांगेतले इंजिन सहज मावले नसते. ती गाडी १९८० पर्यंत बनत होती.

आणि ताकद पाहायची असेल, तर पोर्शच्या ९१९ हायब्रिडकडे पाहा. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. इंधनाची मर्यादा कडक असलेल्या त्या स्पर्धेत, वाटेल ती मांडणी निवडण्याची मुभा असताना, पोर्शच्या अभियंत्यांनी दोन लिटरचे नव्वद अंशांचे टर्बो व्ही-फोर निवडले. बॉक्सर निवडले नाही आणि रांगेतलेही नाही. व्ही-फोरचा क्रँकशाफ्ट आखूड असतो, त्यामुळे तो पिळवटत नाही; ब्लॉक आटोपशीर आणि ताठ असतो, म्हणून चासीचा भार पेलणारा भाग म्हणून तो थेट बोल्टने जोडता येतो; दोन रांगांमधल्या खोबणीत टर्बो बसवता येतो. धागाकर्ते म्हणतात की मांडणीने ताकद बदलत नाही. पण शर्यतीच्या गाडीत ताकदीचा उपयोग किती होतो, हे जर इंजिनाच्या आकारावर ठरत असेल, तर ताकद आणि मांडणी यांच्यात त्यांनी घातलेली भिंत फार पातळ आहे.

यंत्रविवेक

अरुंदकोन यांचा ९१९ चा मुद्दा बिनतोड आहे, पण तो चासीचा मुद्दा आहे आणि त्या गाडीच्या किमतीला वरची मर्यादा नव्हती. रस्त्यावरच्या गाडीत इंजिन चासीचा भार पेलत नाही, ते रबरी माउंटिंगवर तरंगत असते, त्यामुळे ताठपणाचा तो लाभ तिथे मिळतच नाही.

मोटारींच्या जगात व्ही-फोर मागे पडले, याचे मुख्य कारण आडव्या बसवणीत आहे. १९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी रांगेतले इंजिन गाडीत आडवे बसवले, पण गिअरबॉक्स त्याच्या खाली, ऑइल संपमध्ये ठेवला. दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमूलामध्ये आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, त्याच रेषेत आणला आणि दोन असमान लांबीच्या ड्राइव्हशाफ्टनी चाके फिरवली. आज आपल्या रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक छोट्या गाडीची बसवण तीच आहे. एकदा इंजिन आडवे बसले की त्याची लांबी ही अडचण उरत नाही, आणि लान्सियाने ज्या आखूडपणासाठी एवढा खटाटोप केला तो फायदाच संपतो.

काटकसर

मुद्दा दोन लिटरच्या गाड्यांभोवती फिरतो आहे, म्हणून आपल्याकडच्या आकाराकडे लक्ष वेधतो. २००६ सालच्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे करासाठी छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची. त्यामुळे बहुसंख्य घरांत चार सिलिंडरचे इंजिन शिरले ते बाराशे सीसीचे.

डोंगरवाट यांचेच सूत्र या आकाराला लावून पाहिले. मारुतीच्या ११९७ सीसीच्या के-सिरीज इंजिनाचा स्ट्रोक ७१.५ मिमी होता. हलते वजन दर सिलिंडरला साडेतीनशे ग्रॅम धरले आणि रॉडचे प्रमाण तेच ठेवले, तर ६००० आरपीएमला सुमारे सहा हजार न्यूटन येतात. हा बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २००० आरपीएमला तो नवव्या हिश्श्यावर, साडेसहाशे न्यूटनच्या आसपास उतरतो. आपली छोटी गाडी दिवसभर ज्या वेगात चालते तिथे बॉक्सरने सोडवावी अशी समस्याच शिल्लक राहत नाही.

डिझेलमध्ये तर फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट घ्या. पुण्याजवळ रांजणगावला बनलेले हे रांगेतले चार सिलिंडर इंजिन फियाटच्या गाड्यांत होते, टाटांच्या गाड्यांत होते, आणि परवान्यावर मारुतीच्याही गाड्यांत होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर ते थांबले. एकच हेड, एकच टायमिंग चेन आणि अरुंद ब्लॉक असल्यामुळे इतक्या वेगवेगळ्या गाड्यांच्या बॉनेटखाली ते मावू शकले. ताम्हिणी घाटात दोन हजारांच्या वर टर्बोने दम धरला की भरलेली स्विफ्ट तिसऱ्या गिअरमध्ये कशी उठत असे, हे ज्याने चालवली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. फोक्सवॅगनचे दीड लिटरचे टीएसआय इंजिन हलका भार असताना मधले दोन, म्हणजे क्रमांक दोन आणि तीनचे, सिलिंडर बंद करते. १-३-४-२ या क्रमात उरलेले एक आणि चार बरोबर एका फेरीच्या अंतराने पेटत राहतात, त्यामुळे ठोका समान राहतो. इंधन वाचवण्याची ही युक्ती रांगेतल्या मांडणीला किती सहज जमते, हे पाहण्यासारखे आहे.

डोंगरवाट

काटकसर यांचा बाराशे सीसीचा हिशेब मला मान्य आहे. पण म्हणून मोठ्या आकारातही बॉक्सरची गरज नाही, असे त्यातून निघत नाही. उलट आकार वाढत जाईल तसा माझा मुद्दा बळकट होतो. बॅलन्स शाफ्ट हा फुकटचा उपाय नव्हे. ते शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरवायला ताकद लागते, त्यांच्या बेअरिंगमध्ये घर्षण होते, आणि इंजिनात वजन व सुटे भाग वाढतात. जे इंजिन मुळातच समतोल आहे, त्याला हा दंड भरावा लागत नाही.

रुंदीमुळे बॉक्सरला लांब स्ट्रोक परवडत नाही, असा आक्षेप मी इतरत्र वाचला आहे, म्हणून तोही आताच निकालात काढतो. सुबारूच्या जुन्या दोन लिटर इंजिनाचा बोअर ९२ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी होता. २०१० साली आलेल्या नव्या इंजिनात बोअर ८४ आणि स्ट्रोक ९० मिमी झाला. इच्छा असेल तर जागा काढता येते.

धागाकर्त्यांनी पोर्श ९४४ आणि ९६८ ची उदाहरणे दिली. मग २०१६ ची ७१८ बॉक्स्टर का वगळली? सहा सिलिंडर सोडून चारवर यायचे ठरले, तेव्हा पोर्शच्या हाताशी फोक्सवॅगन समूहातले उत्तम रांगेतले दोन लिटर टर्बो इंजिन तयार होते. तरीही त्यांनी नवे चार सिलिंडरचे बॉक्सर बनवले. मांडणी गौण असती, तर एवढा खर्च त्यांनी का केला असता?

यंत्रविवेक

७१८ चे आकडे मी आनंदाने घेतो. आधीच्या बॉक्स्टरमधले २.७ लिटरचे सहा सिलिंडरचे बॉक्सर २६५ अश्वशक्ती देत होते, नवे दोन लिटरचे चार सिलिंडरचे बॉक्सर ३०० देऊ लागले. मांडणी दोन्हीकडे आडवीच, सिलिंडर दोन कमी, तरी ताकद वाढली, आणि ती टर्बोने वाढवली. ज्यांना आवाज आणि चढत्या आरपीएमची ओढ हवी होती, त्यांच्यासाठी २०२० साली पोर्शला ७१८ च्या जीटीएस आवृत्तीत चार लिटरचे सहा सिलिंडर परत आणावे लागले. म्हणजे ग्राहकाला खटकले ते दोन सिलिंडर जाणे.

नवे बॉक्सर बनवण्याचा खर्च का केला, याचे उत्तर त्या गाडीच्या चौकटीत आहे. ७१८ मध्ये इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे बसते, आणि त्याच्या वरची जागा चपट्या इंजिनाच्या उंचीला मापून आखलेली होती. तिथे उभे इंजिन घालायचे, तर गाडीचा मागचा भाग नव्याने आखावा लागला असता. बॉनेटखाली उंची उपलब्ध होती त्या मॅकानमध्ये मात्र याच पोर्शने आपण म्हणता तेच फोक्सवॅगन समूहाचे रांगेतले दोन लिटर टर्बो इंजिन बसवले आणि त्या गाडीवर आपले नाव लावले.